पश्चात्ताप कोणापाशी? : ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि जस्टिन मॉरिट्झ

‘फ्रँकेन्स्टाइन’ शिकवून संपली, की शेवटच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : त्या राक्षसाला अखेर पश्चात्ताप झाला, मग त्याला क्षमा मिळाली असे समजायचे का? परीक्षेपुरते पाहिले तर ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांना सारखेच गुण पडतात. आम्हांला मात्र प्रश्नातला ‘मिळाली’ हा शब्द अडवतो. क्षमा मिळायची तर ती कोणीतरी द्यावी लागते. या कादंबरीच्या शेवटी ती देऊ शकेल असे उरते कोण?

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेले वॉल्टनचे जहाज बर्फाच्या वेढ्यातून सुटून परतीच्या वाटेला लागले आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नुकताच मरण पावला आहे, आणि ज्याचा पाठलाग करीत तो इतक्या उत्तरेला आला, तो त्याच्याच हातून घडलेला जीव मध्यरात्री त्याच्या शवावर ओणवून शोक करतो आहे. (त्याला ‘राक्षस’ म्हणणे हा व्हिक्टरचा निवाडा झाला, आम्ही ‘तो जीव’ एवढेच म्हणू.) तो मृताची क्षमा मागतो, आणि मागतामागताच म्हणतो, की आता मागून काय उपयोग, हा थंड पडला आहे, उत्तर देणार नाही. वॉल्टन त्याला सुनावतो : सदसद्विवेकाची टोचणी वेळेवर ऐकली असतीस तर हा माणूस आज जिवंत असता. पुढे तो त्याला ढोंगी म्हणतो; तुला दया आलेली नाही, सावज हातचे निसटले याचे तुला दुःख आहे, असा त्याचा आरोप. त्यावर त्या जीवाचे उत्तर असे, की कृत्य करीत असतानाही आपण आतून पोळत होतो. आपल्याला सहानुभूती नको. आणि तुझा तिरस्कार कितीही मोठा असला तरी आमच्या आत्मतिरस्काराची बरोबरी तो करू शकणार नाही. मग चितेवर जळून जाण्याचे वचन देऊन तो खिडकीतून बर्फाच्या तराफ्यावर उडी घेतो.

येथे एका शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. मेरी शेलीच्या मजकुरात अशा जागी येणारा इंग्रजी शब्द ‘रिमोर्स’. त्याचे मूळ लॅटिन आणि मूळचा अर्थ ‘पुन्हा चावणे’. आपण त्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतो. त्यात चावा नाही, ताप आहे. कृत्यामागून येणारा दाह. ‘अनुताप’ त्याच घराण्यातला, आणि बोलीतला ‘पस्तावा’ म्हणजे तोच शब्द वापरून गुळगुळीत झालेला. भाषांतरात दंशाचा दाह झाला म्हणून काही बिघडत नाही, कारण दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या आतच घडतात. ‘प्रायश्चित्त’ मात्र वेगळ्या जातीचा शब्द आहे. पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त घ्यावे लागते. मराठी वाचकाला हा भेद क्रियापदातच ऐकू येतो, आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचताना तो फार कामी येतो असा आमचा अनुभव आहे.

युरोपातही हा भेद जुनाच होता. कॅथलिक परंपरेत पाप करणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असे : मनातला खेद, धर्मगुरूपुढची कबुली, आणि भरपाई म्हणून काही प्रत्यक्ष कृती. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने या साऱ्याला संस्कार मानण्याचे नाकारले. मनातला खेद तेवढा उरला, ईश्वरापुढे एकटा. ज्या शहरात कॅल्व्हिनचा अंमल चालला ते जिनिव्हा हेच व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे गाव. अठराव्या शतकातल्या इंग्रज गॉथिक लेखकांना ही उणीव कुठेतरी जाणवत असावी असे वाटते. नाहीतर प्रोटेस्टंट इंग्लंडातले हे लोक आपले पापी वारंवार इटली-स्पेनच्या मठांत नेऊन का सोडतात? कॅथलिकांविषयीचा पूर्वग्रह आणि परदेशाचे आकर्षण ही कारणे होतीच; पण मठ हे पश्चात्ताप ठेवण्याचे ठिकाणही होते. १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’त मॅन्फ्रेड चुकून स्वतःच्या मुलीला भोसकतो, गादी सोडतो आणि मठात जातो. हिशेब मिटला. तीस-एक वर्षांनी, १७९६ मध्ये, मॅथ्यू लुइसने ‘द मंक’मध्ये हेच दार धाडकन लावून घेतले. त्याचा अँब्रोझियो स्वतःच मठवासी आहे. छळाच्या भयाने तो सैतानाला आत्मा लिहून देतो, आणि मग सैतान त्याला सांगतो, की दाराशी आलेले पहारेकरी तुझ्यासाठी माफी घेऊन येत होते. पाप कितीही मोठे असो, निराशा हे त्याहून मोठे पाप, हा जुना धर्मविचार लुइसने येथे क्रूर विनोदासारखा वापरला आहे.

मेरी शेलीने मठही काढून टाकला आणि सैतानही. तिच्या कादंबरीत माफी घेऊन कोणी येत नाही, आणि ती अडवायलाही कोणी नाही. माणसे तेवढी आहेत. म्हणूनच तिच्याकडे हा प्रश्न अधिक अवघड होतो.

ती ज्या घरात वाढली तिथे पश्चात्तापाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. तिचे वडील विल्यम गॉडविन यांनी १७९३ च्या ‘पोलिटिकल जस्टिस’मध्ये असे प्रतिपादन केले होते, की खून टाळणे जितके सुऱ्याच्या हाती नसते तितकेच ते खुन्याच्याही हाती नसते, दोघांनाही परिस्थितीच हलवते. असे असेल तर शिक्षेला अर्थ उरत नाही, आणि पश्चात्तापालाही फारसा उरू नये. पण तत्त्वज्ञ गॉडविन आणि कादंबरीकार गॉडविन यांचे नेहमीच पटत असे असे दिसत नाही. १७९४ च्या ‘केलेब विल्यम्स’चा त्यांनी आधी लिहिलेला शेवट निराळा होता : खुनी उमराव फॉकलंड जिंकतो आणि केलेब तुरुंगात वेडा होतो. छापताना त्यांनी तो बदलला. छापील शेवटात न्यायासनापुढे उभा राहिलेला केलेब आरोप करताकरता फॉकलंडविषयीच्या आदराने गहिवरतो. फॉकलंड कबुली देऊन त्याच्या मिठीत कोसळतो आणि तीन दिवसांत मरतो. आता पश्चात्ताप केलेबच्या वाट्याला येतो, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच! निर्दोष माणसाला दोषी वाटू लागणे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुलीच्या कादंबरीत ती पुन्हा भेटणार आहे. १८१८ च्या १ जानेवारीस ‘फ्रँकेन्स्टाइन’ तीन खंडांत, अवघ्या पाचशे प्रतींत, लेखिकेच्या नावाविना निघाली, तेव्हा ती गॉडविन यांनाच अर्पण केलेली होती.

घराबाहेर मात्र त्याच काळात पश्चात्तापाची मागणी भलतीच वाढली होती. इंग्लंडच्या कायद्यात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती, आणि या रक्तपातावर उपाय शोधणारे सुधारक एका नव्या संस्थेकडे बोट दाखवीत होते. जोनास हॅनवे यांचे एकांत कारावासावरचे पुस्तक १७७६ चे, जॉन हॉवर्ड यांचा तुरुंगांचा अहवाल १७७७ चा, आणि त्यामागोमाग १७७९ चा कायदा. या कायद्याने ज्या तुरुंगांची कल्पना मांडली त्यांचे नाव ‘पेनिटेन्शरी’, म्हणजे शब्दशः पश्चात्तापगृह. माणसाला एकटे ठेवा, त्याला स्वतःच्या मनाशी बसू द्या, म्हणजे अंतःकरणाची टोचणी आपले काम करील, अशी ही श्रद्धा. मठ गेला होता. त्याची कोठडी राज्ययंत्रणेने उचलली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टेम्सच्या काठी मिलबँक येथे उभारलेल्या अशा तुरुंगात पहिले कैदी आले ते १८१६ साली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी अठरा वर्षांच्या मेरीने आपली गोष्ट लिहायला घेतली.

या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही समोर ठेवून वाचले तर कादंबरीतला एक युक्तिवाद ठळक होतो. हिमनदीवर आपल्या कर्त्याशी बोलताना तो जीव म्हणतो, की माझे दुर्गुण ही माझ्यावर लादलेल्या एकांताची अपत्ये आहेत. सोबत मिळाली तर ते मावळतील. सुधारकांच्या गृहीतकाला याहून थेट छेद देता आला नसता. त्यांच्या मते एकांतातून पश्चात्ताप उपजतो आणि पश्चात्तापातून सुधारणा. या जीवाच्या अनुभवात एकांतातून द्वेष उपजतो. डी लेसी कुटुंबाच्या भिंतीआड तो महिनोन्‌महिने एकटा राहतो. भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, लपून त्यांच्यासाठी सरपण गोळा करतो. त्याला बिघडवायला तिथे कोणी नव्हते, आणि आपले म्हणायलाही कोणी नव्हते. पर्सी शेली यांनी या कादंबरीवर लिहिलेल्या परीक्षणात (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली छापले गेले) तात्पर्य म्हणून नेमके हेच सांगितले आहे : माणसाला वाईट वागवा, तो वाईट होईल. गॉडविन यांच्या जावयाला शोभेलसे हे वाचन आहे. पण ते पुरेसे नाही. शेवटच्या प्रसंगात तो जीव परिस्थितीकडे बोट दाखवून थांबत नाही. फेलिक्सने आपल्याला हाकलले, मुलीला वाचवले असता तिच्याबरोबरच्या माणसाने आपल्यावर गोळी झाडली, हे तो आठवतो, त्यांना कोणी गुन्हेगार का म्हणत नाही असेही विचारतो. आणि तरीही म्हणतो, मी नीच आहे. कारण माहीत असूनही दोष स्वतःकडे घेणे, हे सुऱ्याला जमत नाही.

आता त्या व्यक्तीकडे वळू, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

जस्टिन मॉरिट्झ ही फ्रँकेन्स्टाइनांच्या घरची मोलकरीण. तिचा इतिहास एलिझाबेथच्या एका पत्रात दोन-तीन परिच्छेदांत येऊन जातो, आणि वर्गात आपण तो बहुधा गाळतो. तो गाळू नये. जस्टिनच्या आईचा तिच्यावर राग असतो. पुढे आईची इतर मुले एकामागून एक मरतात. हा आपल्या पक्षपाताला झालेला दैवी दंड आहे असे तिला वाटू लागते. ती कॅथलिक असल्याने तिचा धर्मगुरूही तसेच सांगतो. आणि ती जस्टिनला घरी बोलावून घेते. मग काय होते? आई कधी लेकीची क्षमा मागते, आणि त्याहून पुष्कळ वेळा भावंडांच्या मृत्यूचे खापर तिच्याच माथी फोडते. चार ओळींचा हा तपशील, पण सबंध कादंबरीचा नमुना त्यात आहे. आतला दाह असह्य झाला, की तो ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याच अंगावर ओतायचा.

लहानग्या विल्यमचा खून होतो. त्याच्या गळ्यातली तसबीर जस्टिनच्या कपड्यांत सापडते. ती तिथे त्या जीवाने ठेवलेली असते. धर्मगुरू तिला बहिष्काराची आणि नरकाची भीती घालून कबुली काढून घेतो, इतकी, की तो म्हणतो तशी राक्षसी आपण खरोखरच आहोत की काय असे तिला वाटू लागते. केलेब विल्यम्सची आठवण येथे व्हावी. न्यायाधीशांच्या मतपेटीत सगळ्या गोट्या काळ्या पडतात. ज्या एकमेव माणसाला खरा खुनी ठाऊक आहे तो व्हिक्टर न्यायालयात बसलेला असतो. आपले कोण ऐकणार, वेडा म्हणतील, हे त्याचे कारण. आणि ते अगदीच खोटे नाही. पण त्या क्षणी तो वाचकाला काय सांगतो ते पाहावे. आरोपीच्या यातना माझ्या यातनांपुढे काहीच नव्हत्या, असे तो सांगतो. तिला निर्दोषत्वाचा आधार होता, माझे काळीज मात्र पश्चात्तापाने फाडले जात होते. फाशी तिला व्हायची आहे, आणि दुःखाची मोजणी हा करतो आहे!

त्याहून बोलका प्रसंग तुरुंगातला. एलिझाबेथबरोबर व्हिक्टर जस्टिनला भेटायला जातो आणि कोपऱ्यात उभा राहतो. जस्टिन त्याच्याकडे वळून म्हणते, आपण आलात ही मोठीच कृपा. आपला तर माझ्या अपराधावर विश्वास नाही ना? व्हिक्टरला उत्तर देता येत नाही. त्याच्या वतीने एलिझाबेथ उत्तर देते. जिची क्षमा मागायची ती समोर उभी आहे, स्वतःहून बोलते आहे, आणि अजून जिवंत आहे. अशी वेळ या कादंबरीत पुन्हा कोणालाही मिळत नाही.

या प्रसंगामागे जिनिव्हाच्याच एका सुपुत्राची सावली आम्हांला दिसते. रूसोने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दुसऱ्या प्रकरणात सांगितलेली फितीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. तुरिनमधल्या एका घरी नोकरीत असताना तरुण रूसोने एक जुनी फीत चोरली, आणि पकडला गेल्यावर मारियॉन नावाच्या स्वयंपाकिणीचे नाव घेतले. ती रडली, नाकारत राहिली. दोघांनाही कामावरून काढले. या आठवणीची टोचणी आयुष्यभर पुरली आणि हे पुस्तक लिहिण्यामागे तिच्यातून सुटण्याची इच्छाही होती, असे तो लिहितो. आणि मग, आपण इतकी वर्षे भोगले, आता याविषयी पुन्हा बोलायला लावू नका, अशा सुरात प्रकरण मिटवतो. मारियॉनचे पुढे काय झाले, हे शोधायला तो गेला नाही. मेरी शेली रूसोची जाणती वाचक होती. पुढे १८३० च्या दशकाच्या अखेरीस लार्डनरच्या ज्ञानकोशमालेसाठी तिने त्याचे चरित्रही लिहिले, आणि पाच मुले अनाथालयात टाकल्याबद्दल त्याला सोडले नाही. व्हिक्टर हा आपले अपत्य टाकणारा जिनिव्हावासी आहे, हे साम्य समीक्षकांनी पुष्कळदा दाखवले आहे. चोरीची वस्तू, निर्दोष मोलकरीण, गप्प राहिलेला तरुण आणि नंतरचा वाङ्मयीन पश्चात्ताप हे दुसरे साम्यही तितकेच लक्षणीय आहे असे आम्हांला वाटते.

व्हिक्टर पुढे बोलतच नाही असे नाही. क्लेर्व्हलच्या खुनानंतर तो वडिलांना सांगतो, की जस्टिन निर्दोष होती, मीच या सर्वांना मारले. ते त्याला वात झाला असे समजतात. एलिझाबेथच्या मृत्यूनंतर तो जिनिव्हाच्या दंडाधिकाऱ्यापुढे सगळी हकीकत सांगतो. पण ती खुन्याला पकडा म्हणून, जस्टिनवरचा डाग पुसा म्हणून नव्हे. आणि मृत्युशय्येवर, आपले गत आचरण तपासून पाहता त्यात दोष देण्याजोगे काही आढळले नाही, असा निर्वाळा तो स्वतःला देतो. इतकी वर्षे जळून हाती लागले ते हे! म्हणून आम्ही व्हिक्टरच्या पश्चात्तापाला खोटा म्हणत नाही. तो खराच आहे. पण त्याला बाहेर जाण्याची वाट नाही, आणि ती त्याने शोधलेलीही नाही.

मग तो जीव? वॉल्टनच्या आरोपावर तो सौदा करीत नाही, जगण्याची परवानगी मागत नाही, आपले दुःख इतरांच्या दुःखापेक्षा मोठे ठरवण्याचा मोह मात्र त्यालाही आवरत नाही. व्हिक्टरहून तो प्रामाणिक आहे, असे आम्ही वर्गात म्हणत आलो आणि अजूनही म्हणू. पण त्याचे शेवटचे भाषण जस्टिनसाठी म्हणून पुन्हा वाचावे. क्लेर्व्हलची आठवण आहे, एलिझाबेथच्या मृत्यूची आहे, झोपेत गळा दाबलेल्या निरपराधांची आहे, व्हिक्टरची तर आहेच. जस्टिनचे नाव नाही. तिला त्याने हाताने मारले नव्हते. माणसांच्या रक्तपिपासू कायद्यांकडून मारवले होते, हे त्याचे स्वतःचेच पूर्वीचे शब्दचित्र. कायद्याने झालेला खून त्याच्याही जमाखर्चातून गळला.

कोलरिजच्या ‘रिमोर्स’ या नाटकाची येथे आठवण होते. ते १८१३ च्या जानेवारीत ड्रूरी लेन नाट्यगृहात रंगभूमीवर आले आणि वीस प्रयोग चालले. त्यात ऑर्डोनिओ ज्या भावाला आपण मारवले असे समजत असतो, तो भाऊ अखेर जिवंत समोर येतो. ऑर्डोनिओ गुडघे टेकतो, भाऊ क्षमा करायला तयारच आहे. इतक्यात अल्हाद्रा ही मूर स्त्री आपल्या माणसांसह आत शिरते आणि त्याला भोसकते. तिच्या नवऱ्याला ऑर्डोनिओने खरोखरच मारले होते. भावाने दिलेली क्षमा तिच्या वतीने दिलेली नव्हती. नाटक म्हणून ते आज फारसे वाचवत नाही, पण ही एक गोष्ट कोलरिजने अचूक पकडली. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये अल्हाद्रा नाही. जस्टिनच्या बाजूने आत शिरणारे कोणी नाही. तिची आईसुद्धा आधीच मेलेली आहे.

कादंबरीच्या पुढच्या इतिहासाने हा प्रश्न आणखी बाजूला सारला. २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्सली पीक यांचे ‘प्रिझम्प्शन’ हे नाट्यरूपांतर सुरू झाले. त्यात टी. पी. कुक यांनी वठवलेला तो जीव मुका होता, आणि शेवटी हिमप्रपात दोघांनाही गाडून टाकत होता. ऑगस्टमध्ये मेरीने हा प्रयोग पाहिला. पात्रयादीत त्या जीवाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती, ती तिला आवडली. मुक्या जीवाला पश्चात्ताप झाला तरी तो कळणार कसा? नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांतल्या लोकप्रिय प्रतिमेला हे मुकेपण चिकटले ते येथून.

मेरी शेलीने स्वतः १८३१ च्या आवृत्तीसाठी मजकुरावर पुन्हा हात फिरवला, तेव्हा व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषा वाढली. आपला नाश अटळ नियमांनी आधीच ठरवला होता, असे तो आता म्हणू लागला. दुसरा एक बदल त्याहून लहान आणि आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. जस्टिनच्या कपड्यांत तसबीर ठेवताना १८१८ चा जीव एवढेच म्हणतो, की ही सुटणार नाही. १८३१ मध्ये तो म्हणतो, की माझ्या खुनाचे प्रायश्चित्त ही घेईल. प्रायश्चित्ताचा शब्द आला, आणि आला तो दुसऱ्याच्या माथी मारण्यासाठी.

या तेरा वर्षांत लेखिकेचे काय झाले होते, हे ठाऊक असूनही येथे न सांगणे कृत्रिम होईल. कादंबरी लिहिली जात असतानाच, डिसेंबर १८१६ मध्ये, पर्सी शेलीची पहिली पत्नी हॅरिएट हिचा मृतदेह लंडनच्या सर्पेंटाइन तलावात सापडला होता. तिने आत्महत्या केली होती. महिना संपण्याआधी, ३० तारखेला, पर्सी आणि मेरी यांचा विवाह झाला. पुढे १८१८ मध्ये मुलगी क्लॅरा गेली, १८१९ मध्ये मुलगा विल्यम (कादंबरीतल्या मारल्या गेलेल्या मुलाचे हेच नाव), आणि ८ जुलै १८२२ रोजी पर्सी समुद्रात बुडाला. १८३९ मध्ये आपल्या रोजनिशीत मेरीने असे लिहिले, की आपल्या अनेक दुःखांचे मूळ आपण हॅरिएटच्या दैवगतीत शोधतो. तिच्या मृत्यूबद्दल नियतीने वसूल केलेले ते प्रायश्चित्त होय. या नोंदीचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. फक्त इतकेच दिसते, की गॉडविनच्या मुलीने तेथे सुऱ्याचा युक्तिवाद वापरला नाही, आणि मृत व्यक्तीचे नाव घेतले. जे तिच्या पात्रांना जमले नव्हते ते.

शेवटी ती चिता. तो जीव ती का रचणार आहे? आपले अवशेष पाहून पुन्हा कोणी असा दुसरा घडवू नये म्हणून, असे तो सांगतो. सबंध कादंबरीत प्रायश्चित्ताच्या, म्हणजे कृतीच्या, सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच, आणि तिचा रोख पुढे येणाऱ्यांकडे आहे. पण त्याच्याबरोबर जस्टिनच्या निर्दोषत्वाचा एकमेव जिता पुरावाही जळून जायचा आहे. व्हिक्टरच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. त्या जीवाला डोळ्यांनी पाहिलेला, त्याच्या तोंडून ऐकलेला आणि अजून जिवंत असलेला साक्षीदार आता एकटा वॉल्टन आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात मेरीच्या हस्ताक्षरातला कच्चा खर्डा आहे. छापील शेवटात तो जीव लाटांवरून वाहत जाऊन अंधारात हरवतो. शेवटची पाने स्वच्छ उतरवून काढताना पर्सीने वाक्य असे केले. मेरीच्या मूळ वाक्यात तो स्वतःच तराफा ढकलून निघतो, आणि वॉल्टन एवढेच म्हणतो, की थोड्या वेळाने तो मला दिसेनासा झाला.

वॉल्टनची पत्रे इंग्लंडात त्याच्या बहिणीकडे जातात. फ्रँकेन्स्टाइनांपैकी मधला भाऊ अर्नेस्ट जिनिव्हात जिवंत आहे. लेखिकेने त्याला कुठे मारलेले नाही. त्याला कोणी लिहिले असल्याचा उल्लेख कादंबरीत नाही.